शेवटी ढकललेले बिल्ले

३ फेब्रुवारी, सोमवार

जानेवारीची सगळी पानं कोरी सोडून आज डायरी सुरू करतोय. लेकीने नवीन वर्षाला दिली होती. तेव्हा मी म्हटलं होतं, निवृत्त माणसाच्या दिवसात लिहिण्यासारखं काय घडतं? आज घडलं. दुपारपासून मी एकटाच संगणकाशी भांडत होतो, तेव्हा ही पलीकडच्या टेबलावरून म्हणाली, "अहो, मला मापं घेऊ द्या शांतपणे. तुमचं जे काय आहे ते लिहून काढा कुठेतरी." म्हणून लिहितो.

एकतीस वर्षं मी सरकारी कचेरीच्या अनुवाद विभागात काढली. डावीकडे मूळ कागद, उजवीकडे कोरा कागद, मधे मी. कोणाची लुडबुड नाही. निवृत्तीनंतर गेली तीन वर्षं एका अनुवाद कंपनीचं काम घरून करतोय. आता कंपनीने फर्मान काढलंय की यापुढे सगळं काम त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच झालं पाहिजे. हे सॉफ्टवेअर मजकुराची वाक्यं सुटी करतं. डाव्या चौकटीत त्यांचं वाक्य, उजव्या चौकटीत माझं. इथपर्यंत माझी हरकत नाही. पण त्यांच्या वाक्यात मधेच जांभळे ठोकळे बसलेले असतात, पोटात आकडा घेऊन. [१], [२], [३]. त्यांना टॅग म्हणतात. माझ्या वाक्यातही तेवढेच ठोकळे हजर असावे लागतात, नाहीतर शेजारी लाल त्रिकोण उगवतो आणि फाइल पुढे जात नाही. मी त्यांचं नाव बिल्ले ठेवलंय. छातीवर बिल्ला लावून वाक्यात विनाकारण उभे राहणारे लोक.

लेकीला फोन लावला. ती दूर असते, पण असल्या गोष्टींत तीच माझी गुरू.

"बाबा, मूळ कागदावर एखादा शब्द ठळक असतो, तिरपा असतो, त्याच्याखाली रेघ असते. ते या चौकटीत दिसत नाही. त्याऐवजी एक टॅग सुरुवातीला आणि एक शेवटी दिसतो. तुम्ही ती जोडी तुमच्या वाक्यातल्या त्याच शब्दाभोवती बसवायची."

"म्हणजे सजावट."

"हो, तसं म्हणा. पण नुसती..." एवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला गेला. सजावट हा शब्द मात्र मला पटला.

या सगळ्यात हिने दोनदा उठवलं, सुईत दोरा ओवून द्यायला. ही लोकांचे कपडे दुरुस्त करून देते, उंची कमी कर, कंबर सोड, असलं काम. तीस वर्षं स्वतःचा दोरा स्वतः ओवला, आणि आज माझं डोकं फिरलेलं असतानाच हिला मी हवा होतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

युक्ती सापडली! वाक्य आपल्या पद्धतीने छान लिहून काढायचं, बिल्ल्यांकडे बघायचंसुद्धा नाही. मग एक कळ दाबायची. उरलेले सगळे बिल्ले वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाला चिकटून रांगेत उभे राहतात. त्रिकोण गायब, हिरवी टिक हजर. यंत्राला फक्त डोकी मोजायची असतात. कोण कुठे उभा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

दिवसभर नाकी नऊ आणणारं काम तासाभरात झालं. कंपनीतल्या समन्वयक बाईंना फाइल पाठवली. त्यांचं लगेच उत्तर: "सगळं हिरवं आहे सर. मस्त!" बाई वयाने लेकीएवढ्या असतील. गोड बोलतात आणि सतत घाईत असतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

हिच्याशी खटका उडाला. आमच्या बाहेरच्या खोलीत एकच मोठी खिडकी, आणि तिच्याशी माझं टेबल. सकाळी ही म्हणते, "खिडकीशी मी बसू का थोडे दिवस?"

मी म्हटलं, "का? तिकडे काय कमी आहे?"

"काळ्या कापडावर काळा दोरा हल्ली नको वाटतो."

"मग पांढरी कापडं घे." मला वाटलं, विनोद झाला. ही हसली नाही. मी समजावलं की एवढं संगणकाचं जंजाळ, या तारा, हे सगळं हलवायचं म्हणजे अर्धा दिवस जाणार, आणि माझ्या कामाला मुदत असते. तिने विषय सोडला. तिचं एक बरं आहे, ताणून धरत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चार फाइली. कुकरचं माहितीपत्रक, एका ग्रंथालयाचे नियम, दोन करारनामे. बिल्ले शेवटी. दोरा तीनदा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जबाबदारीचं काम आलं. एका मोठ्या रुग्णालयाचं पत्रक. हृदयाची एक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना घरी सोडताना हातात द्यायचं. काय खायचं, किती चालायचं, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी कशी घ्यायची. असं काम मी डोळ्यांत तेल घालून करतो. एकेक वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं. आजारी माणसाला, त्याच्या घाबरलेल्या बायकोला एका दमात कळलं पाहिजे.

मूळ लिहिणाऱ्याला मात्र स्वतःची भाषा धड येत नाही. गोळीच्या वाक्यात चक्क असं आहे: सकाळी जेवणानंतर [५]दोन[६] एक गोळी घ्यावी. दोन एक गोळी! तीन ठिकाणी हाच घोळ. शंका विचारायला एक रकाना आहे, पण तो भरायचा, मग उत्तराची वाट बघायची, आणि उत्तर येणार काय तर 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा'. आपल्याकडे यासाठी सरळ साधा शब्दप्रयोग आहेच. मी लिहिलं: सकाळी जेवणानंतर एक-दोन गोळ्या घ्याव्यात. किती सहज वाटतं! पाच आणि सहा नंबरचे बिल्ले इतर मंडळींबरोबर शेवटी पाठवले.

अनुवाद म्हणजे हेच. मूळ लेखकाची लाज राखायची आणि त्याला कळूही द्यायचं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

समन्वयक बाईंचा फोन. रुग्णालयाला भाषा फार आवडली. "सर, ते म्हणाले, अनुवाद वाटतच नाही." पत्रक छापायला गेलं. गेले काही दिवस मनात होतं की आपलं वय झालं, हे नवीन तंत्र आपल्याला पेलायचं नाही. आज बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हिला सांगायला गेलो तर ही सुई आणि दोरा दिव्याखाली धरून उभी. म्हणाली, "मोठा दिवा लावू या का इथे?" मी म्हटलं, दिवा लख्ख आहे, पुसून घे हवं तर. मग तिला फोनची हकीकत सांगितली. "छान झालं," म्हणाली, आणि सुई-दोरा माझ्यापुढे धरला.

३ मार्च, सोमवार

आज आमच्याकडे अघटित घडलं. हिने कापड चुकीचं कापलं.

समोरच्या इमारतीतले एक तरुण गृहस्थ, नव्या नोकरीच्या मुलाखतीसाठी काळी पँट घेतलेली, तिची उंची कमी करायची होती. त्यांनी पहिल्यांदा माप दिलं ते अनवाणी. मग आठवण झाली, बूट घालून पुन्हा दिलं. म्हणजे कापडावर खडूच्या दोन रेघा. खरी रेघ खालची. हिने कापली वरच्या रेघेवर, आणि मुडपायला ठेवलेलं कापडही गेलं. पँट घोट्याच्या वर.

मी विचारलं, "दोन रेघा कशाला ठेवतेस? पहिली पुसून टाकायची ना."

"खडू पुसला की काळ्या कापडावर पांढरा ढग उठतो. जी रेघ नको तिच्यावर दोन काट मारते मी. हे बघा." तिने कापडाचा कापलेला तुकडा दाखवला. रेघेवर दोन बारीक तिरपे फराटे होते. "काट म्हणजे ही रेघ नाही. तीस वर्षं अशीच करते."

"मग आज काय झालं?"

"दिसल्याच नाहीत हो मला."

"लक्ष नव्हतं म्हण की," मी म्हटलं. "चालायचंच, वय झालं आपलं." थोडी थट्टाही केली, की मुलाखत घेणाऱ्यांना मोजे तरी बघायला मिळतील. ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. एवढी भांडी नव्हती.

४ मार्च, मंगळवार

अक्षर कसंही येतंय.

सकाळी दाढी करताना हिच्या त्या दोन काट डोळ्यांसमोर आल्या. रेघ आहे, पण नाही. शब्द आहे, पण नाही. आणि एकदम ते 'दोन एक गोळी' आठवलं. अर्ध्या दाढीने संगणक उघडला. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की मूळ कागद जसा होता तसा दिसतो. गेल्या महिन्याभरात मी ते एकदाही दाबलेलं नाही. उघडायला वेळ लागतो, अक्षरं बारीक येतात, आणि सजावट बघून करायचं काय?

पान उघडलं. 'दोन' या शब्दावरून आडवी रेघ होती. कोणा डॉक्टरने दोन खोडून एक केलं होतं. तीनही ठिकाणी. पाच आणि सहा नंबरचे बिल्ले म्हणजे ती रेघ. मी ती रेघ उचलून पूर्णविरामापाशी नेऊन ठेवली, जिथे खोडायला काही नव्हतं, आणि खोडलेल्या शब्दाला जिवंत करून घरोघर पाठवलं. एक-दोन गोळ्या! रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि मी ती सुपारीसारखी वाटली.

दिवसभरात तीनदा फोन हातात घेतला, तीनदा ठेवला. जे मनात आलं ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिण्याची हिंमत नाही. पहिलं मनात आलं की कोणाला कळणार नाही. यंत्र हिरवं आहे. बाईंनी हिरवं बघून पुढे पाठवलं. रुग्णालयाला भाषा आवडली आहे. दुसरं मनात आलं की चूक त्यांचीच, खोडलेला शब्द काढून स्वच्छ प्रत द्यायला नको का? हे खरंही आहे, आणि त्याने मला काडीचंही बरं वाटलं नाही. तिसरं सगळ्यात वाईट. बाईंना एक पत्र लिहून तयार केलं: 'पत्रकाची भाषा आणखी सोपी केली आहे, कृपया ही नवी प्रत वापरावी.' म्हणजे चूक गुपचूप दुरुस्त आणि माझं नाव शाबूत. पण मग आधी वाटलेली पत्रकं परत कोण मागवणार? भाषा सोपी झाली म्हणून कोणी रुग्णांना फोन करत नाही.

पत्र पाठवलं नाही. पुसलंही नाही.

५ मार्च, बुधवार

अकरा वाजता पँटवाले गृहस्थ आले. मी खिडकीशी संगणकापुढे बसून काम करण्याचं नाटक करत होतो. मला वाटलं, ही म्हणेल कापड आटलं, किंवा मापच तसं दिलं होतं. गृहस्थांनी माप दोनदा दिलेलं, गोंधळ त्यांच्यावर ढकलता आला असता.

हिने पँट त्यांच्यापुढे पसरली. "माझ्याकडून चूक झाली. खोडलेल्या रेघेवर कापलं मी."

"अहो काकू, शुक्रवारी मुलाखत आहे माझी!"

"माहीत आहे. म्हणून आजच सांगतेय. आतून दुसऱ्या कापडाची पट्टी जोडली तर उंची पूर्ण मिळते, बाहेरून कळत नाही. पण काळ्यावरचं ते बारीक काम मी करणार नाही. चौकातल्या टेलरमास्तरांशी बोलून ठेवलंय, ते उद्या संध्याकाळपर्यंत देतात. चालणार नसेल तर दुसरी पँट मी घेऊन देते."

ते चिडले. दोन शब्द लागतील असेही बोलले. हिने ऐकून घेतलं. मग ते जरा थंड झाले, पँट पिशवीत घालून मास्तरांकडे गेले. सगळं मिळून दहा मिनिटं. ही पाणी प्यायली आणि पुढचा कपडा घेऊन बसली.

मी उठून आतल्या खोलीत गेलो, दार लावलं आणि समन्वयक बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. पत्रकाचं सांगितलं, आणि हेही की मी कुठल्याच फाइलीत टॅग जागेवर बसवलेले नाहीत. महिन्याभरात एकोणीस फाइली, सगळ्यांत शेवटी ढकललेत.

बाईंनी पलीकडे तारखा तपासल्या.

"सर... ती पत्रकं सोमवारपासून वाटताहेत."

"म्हणून तर."

"मी पण फक्त हिरवंच बघितलं हो." आवाज रडवेला झाला होता. मग एकदम कोरडा झाला. "हे सगळं मला लेखी पाठवा. आत्ता. तोवर मी रुग्णालयाला फोन करते."

पाठवलं. कालचं ते पत्र पुसून टाकलं. हिला सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवून पूर्ण ऐकलं. "काल का नाही बोललात?" एवढंच विचारलं.

७ मार्च, शुक्रवार

पत्रक सदतीस जणांना गेलं होतं. रुग्णालयाने एकेकाला फोन केले. पस्तीस जण डॉक्टरांनी तोंडी सांगितल्याप्रमाणे एकच गोळी घेत होते. एका बाईंनी पत्रक वाचलंच नव्हतं, देव त्यांचं भलं करो. एका आजोबांनी वाचलं होतं. एकटे राहतात. ते म्हणाले, एक-दोन लिहिलंय, मग दोन घेतलेल्या बऱ्या, लवकर गुण येईल. सोमवारपासून रोज दोन घेत होते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं, त्यांना वाटलं ब्रश नवा आहे. बुधवारी फोन गेल्यावर त्यांना दाखल करून घेतलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार. त्यातला मंगळवार मला कळल्यानंतरचा. मी अर्धी दाढी करून घरात येरझाऱ्या घालत होतो, तेव्हा आजोबा घरी स्वस्थपणे हिरड्या पुसत होते. बुधवारची सकाळही माझीच, मी खिडकीशी नाटक करत होतो तेव्हाची. या जादा गोळ्या मूळ लेखकाच्या नाहीत, यंत्राच्या नाहीत आणि बाईंच्याही नाहीत.

मी विचारलं, त्यांना भेटता येईल का? बाई म्हणाल्या, नाही, रुग्णालय नाव सांगत नाही. कंपनीने माझं काम थांबवलंय. बाईंनाही साहेबांनी बरंच ऐकवलं असावं, त्या नेहमीसारख्या घाईत नव्हत्या.

काल पँट झाली, म्हणून मीच मास्तरांकडून आणून पोचवली. आज मुलाखत.

११ मार्च, मंगळवार

आजोबा घरी गेले. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. बाईंचा दोन ओळींचा निरोप होता. मी तो तीनदा वाचला, आणि मला एकदम रडू आलं. ही जवळ येऊन बसली. मग म्हणाली, "चहा टाका तुम्हीच आज."

टाकला.

१७ मार्च, सोमवार

मी बाईंना लिहिलं होतं की त्या एकोणीस फाइली मला परत द्या, सगळे टॅग जागेवर बसवून देतो, कामाचं पुढे काय व्हायचं ते होवो. परवा फाइली आल्या. आता मी आधी मूळ पान उघडतो. कुठे काय ठळक आहे, कुठे रेघ आहे, कुठला शब्द खोडलाय ते पाहतो आणि मगच पहिलं वाक्य लिहितो. कुकरच्या पत्रकात 'झाकण उघडण्यापूर्वी' एवढंच ठळक होतं. ग्रंथालयाच्या नियमांत एका ओळीखाली रेघ होती: लहान मुलांना दंड नाही. कोणीतरी मुद्दाम, मायेने मारलेली रेघ. ती मी पुढचा-मागचा विचार न करता टोकाला फेकली होती. याला मी सजावट म्हणत होतो.

कंपनीला प्रत्येक फाइलीची तारीख हवी होती. ती या डायरीत असेल म्हणून पहिल्या पानापासून चाळायला घेतली. आणि वाचता वाचता तारखा बाजूलाच राहिल्या.

सुईत दोरा ओवून द्यायला दोनदा उठवलं. काळ्या कापडावर काळा दोरा हल्ली नको वाटतो. खिडकीशी बसू का थोडे दिवस? दोरा तीनदा. मोठा दिवा लावू या का इथे? काळ्यावरचं ते बारीक काम मी करणार नाही. आणि तीन मार्चला, माझ्याच अक्षरात, 'दिसल्याच नाहीत हो मला'.

सगळं मी लिहून ठेवलंय. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

तसाच उठलो. ही भाजी निवडत होती, पान डोळ्यांशी अगदी जवळ नेऊन. मी समोर बसलो.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"दिसत नाही त्याला."

हातातली जुडी तिने खाली ठेवली. "थंडी सुरू झाली तेव्हापासून. उजव्याने तर सगळं धुक्यातलंच. डावाही आता तसाच व्हायला लागलाय."

"मला सांगायचं नाही का गं?"

"सांगितलं की," ती म्हणाली. रागाने नाही, सहज. "तुम्ही कामात होता."

मला इतकी लाज आजोबांच्या बातमीनेही वाटली नव्हती. तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "घाबरले होते हो मी. शिवण गेलं तर मी दिवसभर करू काय?" तीन मार्चला ती आत जाऊन भांडी घासत बसली ती का, ते आज मला तिच्या तोंडून कळलं. मी मोज्यांवर विनोद करत होतो.

१९ मार्च, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुरता पिकलाय. डॉक्टर मला म्हणाले, "इतके दिवस घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?" हीच म्हणाली, "मी बोलले नाही नीट." मी म्हटलं, "नाही डॉक्टर, ती नीट बोलली होती."

उजव्याची शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी, डाव्याची महिन्याने. शिवणकाम पुन्हा करता येईल, असं डॉक्टर खात्रीने म्हणाले. ते ऐकून हिने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

आधी आणि नंतर डोळ्यांत घालायच्या औषधांचा एक कागद दिला. मी तो तिथेच उभा राहून वाचला. आधी ठळक अक्षरं, मग बाकीचं. एके ठिकाणी पेनाने खाडाखोड होती. परत आत जाऊन विचारून आलो. बाहेर रांग होती, लोक वैतागले. वैतागू देत.

२० मार्च, गुरुवार

सकाळी टेबलं हलवली. अर्धा दिवस जाईल म्हणालो होतो, चाळीस मिनिटं लागली. आता खिडकीशी तिचं मशीन आहे आणि माझा संगणक आत भिंतीकडे तोंड करून. मोठा दिवाही आणला. बारा सुयांत दोरा ओवून टाचणीच्या उशीवर ओळीने खोचून ठेवल्या, सहा पांढऱ्या, चार काळ्या, दोन तपकिरी. मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम, अर्धा तास गेला. ही रोज हे करत होती.

समन्वयक बाईंचा निरोप आला की पहिल्या सात फाइली त्यांनी स्वतः पान उघडून पाहिल्या, टिक न बघता. बरोबर आहेत. पुढच्या कामाबद्दल अजून काही सांगता येत नाही. उरलेल्या बारा फाइली बाकी आहेत, पण आज आधी हे लिहायला बसलो.

ही खिडकीशी बसून पांढऱ्या कापडावर सरळ शिलाई मारतेय. तेवढं जमतं म्हणते. मशीन थांबलं.

"काय एवढं लिहिताय?"

"तू जे म्हणतेस ते."

"सगळं?"

"सगळं."

"मग हेही लिहा, खालच्या बॉबिनमधला दोरा संपलाय."

लिहिलं. आता उठतो.